पाणकावळ्यांचा हरलेला उन्हाळा

मामा,

काल आईचा फोन आला. तुला वसईत माती दिली त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. काय म्हणाली ते सांगते, पण शेवटी सांगते. हरणाऱ्यांची मॅच शेवटच्या चेंडूपर्यंत बसून बघणारा माणूस तू, भाचीचं एवढं ऐकायला तुला जड जाऊ नये.

आज शुक्रवार. मी मस्कतला, मत्रहच्या बंदरावर आहे, मासळीबाजाराच्या अलीकडे, त्या कॅफेटेरियाबाहेर, आपल्याच टेबलावर. उजाडतंय. समुद्र पसरलाय, तू म्हणायचास तसा, इस्त्री न झालेल्या चादरीसारखा. डोंगर आधी काळे, मग तपकिरी, मग क्षणभर गुलाबी. त्या गुलाबी क्षणाला मला नेहमी वाटतं की हे सगळं बंदर कुणाच्या तरी झोपेतलं आहे आणि आपण तिथे फक्त चहा प्यायला आलोय. सहा वाजले तसा मी सवयीने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर काहीच नाही. तरी उभाच ठेवलाय.

कॅफेटेरियाच्या मालकाने विचारलं, ‘‘आज मॅच नहीं?’’

मी म्हटलं, ‘‘सीझन खलास.’’

‘‘अच्छा हुआ,’’ तो करक चहाचा कप ठेवत म्हणाला. ‘‘बहुत हारते थे.’’

हे मी आपल्या धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्या अंकासाठी लिहितेय, म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. वैतागू नकोस. तुझ्या अंत्यविधीला बोलणारे जे बोलले ते खोटं नव्हतं. ‘गल्फमध्ये नाव काढलं, जिंकून परत आला असता’ वगैरे. पण त्यात तू कुठे होतास? मी पहिल्या बाकावर मांडीवर काळी टोपी घेऊन बसले होते आणि मनात म्हणत होते, अहो, या माणसाला जिंकण्याचं फारसं काही पडलेलं नव्हतं.

टोपीपासूनच सांगते. तू मस्कतच्या हॉटेलात लाँड्रीत होतास. लाँड्रीतच. गावात कोणी ‘हॉटेलात मॅनेजर’ म्हणायचं आणि तू गप्प हसायचास, मी मात्र स्पष्ट लिहिते, कारण मला त्यात लाज वाटण्यासारखं कधीच काही दिसलं नाही. एकदा निघून गेलेल्या पाहुण्याच्या धुण्याच्या पिशवीत तुला ती टोपी सापडली. हॉटेलचा रिवाज असा की राहिलेली वस्तू कपाटात जपायची, आणि मुदतीत कोणी मागितली नाही तर ती ज्याला सापडली त्याची. रीतसर गेटपास होऊन टोपी तुझ्या डोक्यावर आली. तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेला पाणकावळा, पंख पसरून खडकावर बसलेला. तो पंख वाळत घालणारा, तू चादरी वाळत घालणारा. तुमचं जमलं.

पण हा पक्षी कोणाचा, ते काही कळेना. तू आणि इब्राहिमचाचा, म्हणजे तुझे खोलीतले जोडीदार, रत्नागिरीचे, त्याच हॉटेलात युनिफॉर्म शिवणारे, तुम्ही दोघांनी मिळून ठरवून टाकलं की ही कुठल्यातरी जहाज कंपनीची टोपी. त्या सुट्टीत तू ती घालून वसईला आलास, आणि पास्कू शिपवर लागला ही बातमी पापडीच्या बाजारापर्यंत गेली. दोन बाप आपापल्या मुलांचे बायोडेटा घेऊन आले. तूही ते घेतलेस! ‘कंपनीत विचारून बघतो,’ असं म्हणालास. त्यांतला एक मुलगा पुढे त्याच्या त्याच्या हिमतीवर खरंच बोटीवर लागला. त्याचा बाप तुझ्या शवपेटीपाशी हुंदके देत म्हणत होता, ‘याच्यामुळे, याच्यामुळे.’ मामा, मला रडता रडता हसू आलं. इब्राहिमचाचांना फोनवर सांगितलं तर तेही तसेच रडत हसले.

खरं कळलं ते इथेच, या बंदरावर. पांढऱ्या दाढीचा एक अमेरिकन म्हातारा बाकावरून उठून तुझ्याकडे आला आणि त्याने तुझा हात दोन्ही हातांत धरला. तो प्रसंग तू इतक्यांदा सांगितलास की मी तिथे होते असंच मला वाटतं.

‘‘यू टू?’’ तो म्हणाला.

‘‘येस सर,’’ तू म्हणालास. ‘‘गुड कंपनी.’’

‘‘व्हेरी बॅड कंपनी!’’ म्हातारा म्हणाला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

मग त्याने सांगितलं. त्याच्या गावची, प्रशांत महासागराच्या काठची, बेसबॉलची टीम. मोठी, पगारी खेळाडूंची टीम. त्याचे वडील तिच्यामागे, तोही तिच्यामागे. जिंकतात का, असं तू विचारलंस, तर म्हातारा समुद्राकडे बघत बसला.

इब्राहिमचाचा म्हणाले, ‘‘पास्कू, गोऱ्याने तुला टोपी घातली.’’

‘‘त्याने कुठे?’’ तू म्हणालास. ‘‘ती आधीपासून माझ्याच डोक्यावर होती.’’

तेवढ्यावर तू त्या टीमचा झालास. तिथल्या संध्याकाळच्या मॅचला आपल्याकडे सकाळचे सहा वाजलेले असतात. मी इथल्या रुसैलच्या फॅक्टरीत नोकरीला लागले, इथे आले, आणि पहिल्याच शुक्रवारी तू मला चर्चमधल्या मिस्सेच्या आधी इथे आणून बसवलंस. आखातात आपला रविवार शुक्रवारीच येतो, सुट्टी तेव्हा असते म्हणून. मी नवी होते, मला ते विचित्र वाटलं. तू म्हणालास, ‘‘विचित्र काय? हे बघ, इथे आज आहे. आणि या मोबाइलमध्ये अजून काल चालू आहे.’’ पडद्यावर हिरवंगार मैदान होतं, दिवे लागत होते, कोणीतरी मातीवर पाणी मारत होतं. खरंच काल होता तो. आपण उजाडलेल्या बंदरावर बसून दुसऱ्यांची कालची संध्याकाळ बघत होतो, आणि ती अजून संपलेली नव्हती. त्यात काहीही होऊ शकलं असतं.

खेळ तू मला दोन चहांत समजावलास. ‘‘चार घरं असतात, बाय. आपल्या घरून निघायचं. पहिलं घर, दुसरं, तिसरं. सगळीकडे लोक तुला आउट करायला टपलेले. एवढं फिरून परत आपल्या घराला पाय लागला तर एक धाव. दुसऱ्याच्या घरावर कितीही वेळ उभी राहिलीस तरी काही लिहीत नाहीत.’’

‘‘म्हणजे गल्फच की गो,’’ इब्राहिमचाचा मला म्हणाले.

तू खेळ बघत नव्हतास, कपडे बघत होतास, हा माझा आरोप अजून कायम आहे. कोणी मातीत घसरत घर गाठलं की सगळे ‘वाचला का?’ म्हणून बघायचे, तू म्हणायचास, ‘‘गेली पँट.’’ पांढऱ्याशुभ्र पँटवर लाल मातीचा तो ओरखडा बघून तुझा जीव कळवळायचा. तिथल्या लाँड्रीवाल्याची तुला काळजी. तो कोण असेल, कुठल्या देशातून आला असेल, लाल मातीला काय वापरत असेल. ‘‘हरलेल्यांचे कपडे धुणारा पण असतो ना कोणी,’’ असं एकदा म्हणालास. ‘‘बघ, उद्या परत पांढरे घालून येतील. त्याला काय माहीत कोण हरलं.’’

मॅच संपली की तू टोपी काढून टक्कल पुसायचास, टोपी परत घालायचास आणि विचारायचास, ‘‘चला. पुढची कधी?’’ कितीही वाईट हरले तरी तेच. आवाजात दुःख नाही, आशाही नाही. बस कधी आहे असं विचारावं तसं.

तो आवाज मी आधी कुठेतरी ऐकला होता, आणि कुठे ते मला परवा आठवलं. मी सेकंड इयरला नापास झाले तेव्हा. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि तीच घसरले. बाबा म्हणाले, झालं, हौस फिटली, आता शिवणाचा क्लास लाव. तुझा मस्कतहून फोन आला, शेजारच्यांच्या घरी. मी रिसीव्हर कानाला लावून नुसती रडत होते. तू सगळं रडणं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, ‘‘पुढची कधी?’’ मला वाटलं तुला नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, मामा, मी नापास झाले. ‘‘हो, ते ऐकलं. पुढची परीक्षा कधी?’’ ऑक्टोबरला बसले, पास झाले, ग्रॅज्युएट झाले. माझ्या पदवीची फ्रेम घराच्या पुढल्या खोलीत आईने येशूच्या अल्तारीच्या शेजारी लावलीय, आणि मी तिथून जाताना अजूनही मान वर करून जाते. ते तुझं आहे हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असंही नाही, तू ‘हं’ म्हणून चहा मागवला असतास.

आता या वर्षीचं.

या वर्षी तुझ्या पाणकावळ्यांनी कमाल केली. हरतात ते नेहमीच, पण या वर्षी त्यांनी हरण्यात काही शिल्लकच ठेवलं नाही. आघाडीवर असताना हरले. समोरच्यांचे निम्मे खेळाडू जखमी असताना हरले. एकदा झेल घेताना दोघं एकमेकांवर आपटले आणि चेंडू दोघांच्या मधे शांतपणे पडला, आणि तू म्हणालास, ‘‘दोघंही सभ्य. तू घे, तू घे म्हणत राहिले.’’ जूनमध्ये सकाळी सहालाच इथे अंगाला धारा लागायच्या, चष्म्यावर वाफ यायची, आणि त्या वाफेतून मैदान आणखीच लांबचं, पाण्याखालचं वाटायचं. माणसं पाण्याखाली पळाल्यासारखी पळायची. पोचायची नाहीत.

जुलैपर्यंत ते जगप्रसिद्ध झाले. रुसैलला माझ्या सेक्शनमधल्या एकाने, ज्याला बेसबॉलमधला ब माहीत नाही, हसत हसत मला मोबाइलवर त्यांची फजिती दाखवली. मी म्हटलं, ‘‘ती माझ्या मामाची टीम आहे. मोबाइल खाली ठेव.’’ पण तुझ्याशी मी भांडलेच. मी क्वालिटीत काम करते, माझा स्वभाव तसा झालाय.

‘‘मामा, माल खराब निघाला तर आम्ही पूर्ण लॉट परत पाठवतो.’’

‘‘माणसांचा लॉट कुठे परत पाठवशील?’’

‘‘परत नको पाठवूस. दुसरी टीम धर. तिथे तीस टीम आहेत.’’

‘‘टीम काय टॅक्सी आहे? ही थांबली नाही, तिला हात केला?’’

‘‘पण यातून तुला मिळतं काय?’’

याचं उत्तर तू दिलं नाहीस. इब्राहिमचाचांनी मधेच विचारलं, ‘‘पास्कू, हे तुझे लोक बॅट घेऊन आलेत की फोटो काढायला?’’ आणि तू हसलास, आणि प्रश्न राहिला. आपलं ते भांडण अजून मिटलेलं नाही. माझ्या बाजूने मी ते उघडंच ठेवलंय.

तोवर तू रिटायर झाला होतास, आणि तुझं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, आत्ता विमानप्रवास झेपेल, पुढचं सांगता येत नाही, लवकर जा. आईने वसईत तयारी केली. खोलीला रंग दिला, खिडकीपाशी खाट लावली, मच्छरदाणी शिवली. तुझं लग्न राहून गेलं, भावाचं घर म्हणजे बहिणीचं घर, आणि तू तिला लहानाचं मोठं केलेलं. ती रोज फोनवर विचारायची, कधी पाठवतेस? मी बुधवारचं तिकीट काढलं.

आणि तू म्हणालास, शुक्रवारी त्यांची सीझनची शेवटची मॅच आहे, घरच्या मैदानावर.

ती हरले असते तर बेसबॉलच्या आजवरच्या इतिहासातली सगळ्यांत वाईट टीम म्हणून त्यांचं नाव कायमचं लागलं असतं. जिंकले असते तर थोडक्यात वाचले असते. सगळी अमेरिका बघणार होती. मी म्हटलं, मामा, ही मॅच वसईतही दिसते, तिथे साडेसात वाजलेले असतील, खाटेवर पडून बघ.

‘‘साडेसातला तुझी आई मला सातच्या मिस्सेला घेऊन गेलेली असेल.’’

‘‘एक दिवस नको जाऊस.’’

‘‘बाय,’’ तू म्हणालास, आणि तुझा आवाज उतरला, ‘‘तिथे मी ही टोपी घालून बसलो की सगळे विचारतील, कोण जिंकतंय? तिथे गल्फवाल्याने जिंकायचं असतं. इथे मला हरता येतं. ही एक मॅच मला इथे, या टेबलावर, हरू दे. मग मी येतो. टोपी तुझ्याकडे देतो आणि मुकाट्याने विमानात बसतो.’’

मी तिकीट रविवारवर ढकललं. आईला सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

त्या शुक्रवारी समुद्र अगदी स्थिर होता. पाणकावळ्यांचा एक थवा पाण्याला पोट लावून लांबून गेला, खरे पाणकावळे, काळी रेघ ओढल्यासारखे, आणि इब्राहिमचाचा म्हणाले, ‘‘टीम आली बघ.’’ तुला त्यांनी शाल आणली होती, तू ती टेबलाखाली पायांवर घेतलीस. मॅच सुरू झाली. मला त्यातलं क्रमाने काही आठवत नाही. आठवतं ते असं, की दिवे, हिरवळ, तुझ्या कपातली वाफ आणि मशिदीवरून उतरणारी कबुतरं हे सगळं एकात एक मिसळलं होतं. बराच वेळ वाटलं की जिंकतील. मग एका धावेने मागे पडले. मग शेवटचा डाव, त्यातला शेवटचा खेळाडू बॅट घेऊन उभा, आणि त्यांचा एक कोवळा पोरगा पळत पळत तिसऱ्या घरापर्यंत पोचलेला. आपलं घर त्याच्या समोर. चार ढांगा टाकल्या की बरोबरी.

तिसऱ्यांदा चेंडू हुकला की बॅटवाला आउट. त्याने हवेत बॅट फिरवली. तिसऱ्यांदा. संपलं.

‘‘खलास,’’ चाचा हळूच म्हणाले.

मी तुझ्याकडे बघायला घाबरले. तू पडद्याकडे बोट केलंस. तो पोरगा अजून तिसऱ्या घरावरच उभा होता, कमरेवर हात ठेवून, आपल्या घराकडे बघत. गुडघ्यापर्यंत लाल माती.

‘‘तो बघ,’’ तू म्हणालास. ‘‘तो आउट नाही हां, बाय. नीट समजून घे. त्याला कोणी आउट केलेलं नाही. डाव संपला, म्हणून तो घरी पोचला नाही. एवढंच.’’

मग पाणकावळे सगळे मैदानावर आले आणि त्यांनी टोप्या काढून हात वर केले. मला वाटलं लोक आता शिव्या देतील. लोक उभे राहिले. आजवरची सगळ्यांत वाईट टीम, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, काही रडत होते, एक म्हातारी नातवाला खांद्यावर घेऊन हलवत होती. त्या गर्दीत मी तुझ्या पांढऱ्या दाढीवाल्याला शोधलं. आणि इकडे, मत्रहच्या बंदरावर, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर तू उभा राहिलास, शाल खाली पडली, आणि तूही टोपी काढलीस. डोकं उन्हात चमकलं. चाचा उभे राहिले. मग मीही. कॅफेटेरियाचा मालक बाहेर येऊन विचारायला लागला, ‘‘जीत गए क्या?’’

तू टोपी घातलीस आणि म्हणालास, ‘‘चला. पुढची कधी?’’

त्यानंतर आपण मिस्सेला गेलो. शुक्रवारच्या रविवारला.

खऱ्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास तू गेलास. आयुष्यभर ज्याला रविवार शुक्रवारी मिळाला, तो बरोबर रविवारी गेला. बॅग बांधलेली होती. चाचा खाली खुबूस रोट्या आणायला गेले होते. परत आले तर प्रवासाचा शर्ट हँगरला टांगलेला, बाह्यांची धार अशी की हात कापावा, इस्त्री उभी करून बंद केलेली, आणि तू खुर्चीत बसलेला. इस्त्री बंद करून गेलास, मामा. चाचा तेच परत परत सांगत होते, डॉक्टरला, पोलिसाला, मला: ‘‘साब, उसने इस्त्री बंद किया था.’’ मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले आणि मला एकच सुचलं. तिथे अजून शनिवारची रात्र असेल. त्या गावात अजून काल चालू असेल, आणि त्या कालमध्ये तू आहेस. मी घड्याळाकडे बघत बसले, आणि तिथली मध्यरात्र होईपर्यंत मला रडू आलं नाही.

मग तुला घेऊन मी वसईला आले. तोच शर्ट तुला घातला. खिडकीपाशी खाट, नवी मच्छरदाणी, आणि तू त्यावर एक तासही निजला नाहीस. आईने माझ्या हातातली टोपी बघितली. ‘‘ती काळी वस्तू माझ्या नजरेसमोर नको,’’ म्हणाली. ‘‘बुधवारी पाठवलं असतंस तर माझ्या हातचं पाणी पिऊन गेला असता. तुझ्या मॅचपायी घरी आला नाही तो.’’ त्यानंतर एक शब्द नाही.

मी तिला उत्तर दिलं नाही, कारण मयताच्या घरात शिकलेल्या पोरीने मुद्दे मांडू नयेत एवढं मला कळतं. पण इथे परत आल्यावर रुसैलच्या बसमध्ये, मशीनच्या आवाजात, चर्चमध्ये, सगळीकडे मी तिच्याशी भांडत होते. कधी वाटायचं, तिचं बरोबर आहे. एक मॅच, आणि तीही हरलेली. त्यासाठी बहिणीच्या हातचं पाणी हुकावं? मग मला तो पोरगा दिसायचा, कमरेवर हात ठेवून उभा, आणि तू त्याच्याकडे केलेलं बोट. बुधवारी तुला विमानात बसवलं असतं तर तू गेला असतास, हूं की चूं न करता. मुकाट्याने. तुझ्या आयुष्यात तू मागितलेली ती पहिली गोष्ट होती मामा, निदान माझ्या समोर. ती मी दिली. परत तीच वेळ आली तर परत देईन. हे आईने वाचावं म्हणून लिहितेय, आणि तू ऐकावंस म्हणूनही.

काल कामावरून परत आले, बूट काढत होते, आणि फोन वाजला.

‘‘बाय.’’

‘‘हां, आई.’’

‘‘जेवलीस?’’

‘‘नाही अजून.’’

तिच्याकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, नळ चालू होता. तिने जाऊन नळ बंद केला, परत आली.

‘‘त्या दिवशी,’’ ती म्हणाली, ‘‘तो ज्यांच्यासाठी थांबला. जिंकले का ते?’’

इतक्या दिवसांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं.

‘‘हरले, आई.’’

‘‘हरले?’’

‘‘आजवरच्या सगळ्यांत वाईट.’’

मग एक आवाज आला, मला वाटलं रडतेय. रडतच होती, पण त्यात हसूही होतं, तुझ्यासारखं, नाकातून येणारं. ‘‘मेले,’’ ती म्हणाली. ‘‘थांबवून ठेवलं माझ्या भावाला आणि हरले मेले.’’ आणि नाक पुसलं. मी तिला तुझं ते वाक्य कधी सांगितलेलं नव्हतं. शप्पथ सांगते, कधीच नाही. पण तुम्ही एका घरातले, एका पेजेच्या भांड्यातून वाढलेले.

‘‘मग,’’ आई म्हणाली, ‘‘पुढची कधी?’’

मी सांगितलं, मार्चच्या शेवटी. इथे सकाळी सहाला, तिच्याकडे साडेसातला.

‘‘साडेसातला मी मिस्सेत असते,’’ ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, ‘‘मी पहिल्या मिस्सेला जाऊन येईन. तू येताना ती टोपी आण. खाट तशीच आहे.’’